न आलेली नळी

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पण मला पारडी नाहीत आणि माझ्यावर कुणी कधी बटाटे ठेवलेले नाहीत. मी तोलतो प्रथिने. तीही अख्खी नव्हेत, त्यांचे तुकडे. ते इतके हलके असतात की त्यांच्यापुढे धुळीचा कणसुद्धा डोंगर वाटावा. तुम्ही म्हणाल, हा बढाया मारतोय. मारतोच आहे थोड्या. सध्या मी एका लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याशेजारी, जुनी चादर पांघरून उभा आहे. अशा जागी उभ्या असलेल्याला गप्पा मारण्यावाचून दुसरे काय काम असणार?

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथे माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरत. माझे पोट म्हणजे एक पोलादी नळा. तो त्यांनी घासूनपुसून आरशासारखा लख्ख केला, मग पंप जोडला आणि आतली सगळी हवा उपसून टाकली. हवेत तुकड्यांना धक्के बसतात आणि वजन चुकते, म्हणून मी चालू असलो की माझ्या पोटात काही म्हणजे काही नसते. पोटात काही न राहणे हा माणसांमध्ये दोष समजतात. माझ्यात तोच गुण आहे.

माझे काम कसे चालते ते आधी सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. रक्त घ्या, दूध घ्या, गव्हाचे पीठ घ्या, त्यात तऱ्हेतऱ्हेची प्रथिने असतात. प्रयोगशाळेतली माणसे एका पाचक रसाने त्यांचे तुकडे करतात. ते तुकडे पाण्यातून माझ्या तोंडाशी येतात. माझे तोंड म्हणजे केसाहून बारीक सुई. तिथे त्यांच्यावर विजेचा भार चढतो आणि त्यांचे तुषार होऊन ते माझ्या पोटात उडतात. हलके तुकडे भरकन पळतात, जड रेंगाळतात, आणि त्यावरून मी प्रत्येकाचे वजन सांगतो. फाटलेल्या पानांचे कपटे पाहून पुस्तक ओळखावे, तसा माझ्याशेजारचा संगणक त्या वजनांवरून मूळ प्रथिन ओळखतो.

माझा स्वभाव विचाराल तर चौकस. मला नाक नाही, तरी मी नको तिथे नाक खुपसतो. नमुन्याच्या नळीत जे असेल ते सगळे सांगतो, विचारलेले आणि न विचारलेलेही. एकदा एका माणसाच्या रक्तात मला मेंढी सापडली! मी प्रामाणिकपणे तसे कळवले. प्रयोगशाळेत खळबळ उडाली. शेवटी कळले की माझी खोली थंड ठेवावी लागते म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख, चष्मेवाले सर, लोकरीचा स्वेटर घालून नमुने तयार करत होते, आणि त्यांच्या बाहीचा तंतू नळीत पडला होता. लोकरीतही प्रथिनच असते ना! तेव्हापासून माझ्या खोलीत स्वेटरला बंदी झाली आणि सर सुती कोटात कुडकुडू लागले. नुसत्या बोटांनी नळ्यांच्या ताटलीला हात लावायचीही बंदी होती, कारण मग मला माणसाची कातडी सापडे.

माझी बरीच वर्षे मजेत गेली. पाहुणे येत, माझ्याबरोबर फोटो काढून घेत. सर म्हणत, "हा आमचा खरा कमावता पोरगा." मी फुशारून जाई.

मग तो आजार आला. तुम्हांला तो आठवत असेल, नाहीतर घरच्यांकडून ऐकला असेल. व्हरांड्यातली वर्दळ थांबली. माणसांची अर्धी तोंडे झाकली गेली. समोरच्या इमारतीत एक मोठा वॉर्ड होता, तो रुग्णांनी भरून गेला. आणि माझ्याकडे त्या वॉर्डातल्या रक्ताच्या नळ्या येऊ लागल्या. आधी रक्त फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या काढत, मग विषाणू मारून टाकत, आणि मगच ते प्रयोगशाळेत पाठवत. त्यामुळे मला कुणी घाबरत नसे.

मला मात्र प्रश्नांनी भंडावून सोडले होते. विषाणू एकच, मग एकाला नुसती सर्दी होते आणि त्याच्याच घरातल्या दुसऱ्याला श्वास का घेता येत नाही? आणखी विचित्र म्हणजे, काही जणांच्या अंगातला विषाणू कमी होत असतो आणि ती माणसे तेव्हाच ढासळतात. हे कसे?

याचे उत्तर मला आमच्या ताईकडून कळले. ती सरांबरोबर काम करणारी संशोधक. तिला कुणाशी तरी बोलल्याशिवाय विचार करता येत नसे, आणि सर अबोल, म्हणून ती माझ्याशी बोले.

"हे बघ," ती एकदा मला म्हणाली, "स्वयंपाकघरात आग लागली. शेजारी धावले, पाणी मारलं, आग विझली. तरी हे आपले दारं फोडतायत, कपाटं फेकतायत, थांबायलाच तयार नाहीत. मग घर कशानं मोडलं? आगीनं की शेजाऱ्यांनी?"

अंगाचे रक्षण करणारी यंत्रणाच कधी कधी अशी आवरत नाही. ती पेटली की यकृत धोक्याची घंटा वाजवल्यासारखी काही प्रथिने रक्तात सोडते. असे न आवरणारे शेजारी वेळीच ओळखता आले तर त्यांना आवरणारे औषध डॉक्टरांकडे होते. पण ते सरसकट सगळ्यांना देऊन चालत नव्हते, कारण आग पेटलेली असताना शेजाऱ्यांना घरी पाठवून कसे चालेल? कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, हे आधी कळायला हवे होते. तेच माझ्याकडून हवे होते.

आणि मित्रांनो, आम्हांला एक खूण सापडली. गंभीर रुग्णांच्या नळ्यांमध्ये एक प्रथिन भरपूर होते, साध्या रुग्णांच्या नळ्यांमध्ये जवळजवळ नव्हते. हे प्रथिन रक्तपेशींच्या आत असते. पेशी फुटली की बाहेर येते. सगळ्यांना ते पटले. आजार वाढला की पेशी फुटत असणार, यात नवल ते काय? सर क्वचित हसत, ते त्या दिवशी हसले. वॉर्डातल्या डॉक्टरबाई तर रोज फोन करून विचारू लागल्या, "कुणाची खूण वाढलीय? कुणाची नाही?" कारण वॉर्डात खाटा कमी होत्या. ज्याची खूण नाही आणि तब्येत बरी दिसते, त्याला घरी पाठवून ती खाट दुसऱ्याला देता येत होती.

अशात ताईचा दादा त्या वॉर्डात भरती झाला.

दादा पोहायला शिकवणारा. एका दमात तलावाच्या या काठावरून त्या काठाला पाण्याखालून जाणारा. घरात लहानपणापासून त्याच्या छातीचे कौतुक. ताई काम करताना हातमोजे असत म्हणून फोन स्पीकरवर ठेवी, त्यामुळे दोन्हीकडचे बोलणे मला ऐकू येई.

"मला काय धाड भरलीय?" दादा म्हणे. "इथे बाकीचे धापा टाकतायत आणि मी आपला फुकटचा पाहुणचार घेतोय."

"गप पडून राहा," ताई म्हणे.

"पडून राहिलो तर बुडेन. पोहणाऱ्यानं हातपाय हलवायचे असतात."

नळ्यांवर नावे नसतात, आकडे असतात. पण दादाचा आकडा ताईला ठाऊक होता. भाऊ म्हटल्यावर कसे राहवणार? त्याची नळी आली की ती माझ्यासमोर उभीच राही. खूण जवळजवळ शून्य! ती सुटकेचा निःश्वास टाकी, आणि मला वाटे, आपण किती चांगली बातमी दिली.

एके दिवशी सकाळी आईचा फोन आला. त्या दिवशी ताईने स्वतःचेच रक्त काढून आणले होते. रुग्णांशी तुलना करायला निरोगी माणसाचे रक्त लागते आणि ते आमच्याकडे संपले होते. तिने आपली नळी खिडकीत ठेवली, मोजे काढले आणि फोन कानाला न लावता हातात धरूनच खुर्चीत बसली.

"अगं, दुपारी सोडतायत त्याला!" आईचा आवाज आनंदाने ओसंडत होता. "डॉक्टरीणबाईंचाच फोन होता. मी आतली खोली झाडून घेतलीय. त्याला वेगळं ठेवायचं ना? पडदा लावू का दारात?"

मग पडद्यावरून गोष्ट चादरींवर गेली, चादरींवरून सूपावर, सूपावरून दादाच्या लहानपणीच्या आजारपणावर. मायलेकी इतक्या हलक्या झाल्या होत्या की फोन संपेचना. खिडकीतून ऊन आत आले होते आणि नळी उन्हात उभी होती. शेवटी ताई उठली, तिने रक्त फिरवून घेतले, तुकडे केले आणि माझ्याकडे सोपवले.

मी नेहमीप्रमाणे सगळे सांगितले. सरांनी पडद्याकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"अगं, ही नळी कुणाची?"

"माझी."

"तू इथे काय करतेयस मग? तुला तर अतिदक्षता विभागात असायला हवं. वॉर्डातल्या कुणापेक्षाही तुझी खूण जास्त आहे!"

ताई खळखळून हसली. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता, नुकताच तिने भरपेट नाश्ता केला होता. हसता हसता ती एकदम थांबली. तिने खिडकीकडे पाहिले.

"सर," ती हळूच म्हणाली, "माझी नळी तिथे उन्हात पडून होती. मी आईशी बोलत बसले होते. पेशी नळीतच फुटल्या असतील. माझ्या अंगात नाही, नळीत!"

ताईने वॉर्डात फोन लावला. फोन तिथल्या सिस्टरनी घेतला. रोज सगळ्यांचे रक्त काढायचे काम त्यांचे.

"सिस्टर, सकाळी तुम्ही रक्त काढता ते कोणत्या क्रमाने?"

"म्हणजे काय? जास्त आजारी असतात त्यांचं आधी," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना ताटकळत कसं ठेवायचं? मग बाकीचे. तुमचा दादा अगदी शेवटी. तोच म्हणतो, मला घाई नाही, आधी बाकीच्यांचं बघा."

"आणि काढलेल्या नळ्या?"

"ट्रेमध्ये, खिडकीपाशी. सगळ्यांचं झालं की एकदम खाली जातात. या कपड्यांत भराभर हात चालत नाहीत हो, वेळ लागतो."

मित्रांनो, तुमच्या लक्षात आले का? जे जास्त आजारी, त्यांच्या नळ्या सगळ्यांत आधी भरत आणि सगळ्यांत जास्त वेळ खिडकीपाशी थांबत. दादाची नळी भरली की लगेच खाली जाई. आम्ही ज्याला आजाराची खूण समजत होतो, ती नळीने वाट पाहिल्याची खूण होती. आणि हे घडले कशामुळे? सिस्टरच्या मायेमुळे. कुणाला रागवायचे, सांगा!

पण मी सगळेच सांगतो हे मघाशी म्हणालो ना? धोक्याची घंटा वाजवणारी प्रथिनेही मी पहिल्या दिवसापासून तोलत होतो. ती अशी तासा-दोन तासांत नळीत बदलत नाहीत. एक ठळक खूण हाती लागल्यावर त्यांच्याकडे कुणी नीट पाहिलेच नव्हते. आता ताईने दादाचे सगळे जुने निकाल उघडले. खुणेचे प्रथिन बाजूला सारले आणि बाकीचे पाहिले. घंटेची प्रथिने आधी थोडी होती. मग वाढली होती. शेवटच्या नळीत तर चढता चढता वरच्या टोकाला पोचली होती.

"दादा," ती म्हणाली. फोन चालू नव्हता, ती नुसतीच म्हणाली.

मग तिने डॉक्टरबाईंना फोन केला. "त्याला सोडू नका. आमचं चुकलं. खूण खोटी आहे."

"अगं, त्याचा ऑक्सिजन चांगला आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो खाटेवर बसून शेजारच्याला श्वास रोखायला शिकवतोय. बाहेर त्याच्या खाटेसाठी माणूस थांबलाय. आणि तुमची आई पिशवी घेऊन फाटकाशी उभी आहे."

"माहीत आहे. तरी नका सोडू."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे बघ, यंत्र म्हणतं म्हणून मी कुणाला अडकवून ठेवत नाही. कालपर्यंत तेच यंत्र उलटं म्हणत होतं." हे मला लागले, पण त्यांचे खरे होते. "चालवून बघते. बसल्याजागी काही जण छान दिसतात. फोन ठेवू नको."

आम्ही ऐकत राहिलो. दादाचा आवाज आला, "चालायचं ना? सांगाल तर पोहून दाखवतो. कुठवर जाऊ? त्या टोकापर्यंत? हे काय अंतर आहे? आमच्या तलावात मी..." पावले वाजत होती. "तलावात मी... रोज..." मग बोलणे थांबले. पावलेही थांबली.

"बसा," डॉक्टरबाईंचा आवाज बदलला होता. "आधी बसा. सिस्टर, ऑक्सिजनचं नळकांडं आणा. लवकर." आणि मग फोनवर, "ऐकतेयस ना? चालल्यावर ऑक्सिजन एकदम खाली आलाय. आज घरी जात नाही हा. औषध आत्ता सुरू करतेय. आईला तू सांग."

आई फाटकाशी होती. तिला काय सांगितले, कसे सांगितले, मला ठाऊक नाही. ताई धावत खाली गेली ती त्या दिवशी परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सरांना तिचा फोन आला की आईलाही ताप आलाय, ती आईबरोबर घरातच थांबणार आहे.

सरांनी त्या दिवसापासून नियम केला. नळी भरली की लगेच खाली न्यायची, थांबवायची नाही, आणि कुठे थांबलीच तर तसे तिच्यावर लिहायचे. सिस्टरनी तो पाळलाही. दादाच्या नळ्या येत राहिल्या. घंटा वाजत होती. पुढच्या नळीतही वाजत होती. त्यापुढच्या नळीत किंचित मंद झाली असे मला वाटले, पण खात्री नव्हती.

आणि मग त्याची नळी आली नाही.

मित्रांनो, आम्हा काट्यांना नळी न येण्याची दोनच कारणे माहीत असतात. एक तर माणूस बरा होऊन घरी गेला, नाहीतर... तुम्ही समजून घ्या. त्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आकड्यांच्या नळ्या अशाच एका सकाळी यायच्या थांबल्या होत्या. त्यांचे काय झाले ते मला कुणी सांगितले नाही. सांगावे असे कुणाला वाटलेही नसेल. दुखणे घेऊन सगळे येतात, पुढची बातमी घेऊन कुणी येत नाही. ताई असती तर तिच्या चेहऱ्यावरून कळले असते. ताई नव्हती. सर अबोल. ते नमुने लावत, निकाल पाहत, चष्मा पुसत. त्यांच्या चष्मा पुसण्यावरून मी अर्थ काढायचा प्रयत्न करी, पण ते आनंदातही पुसत आणि दुःखातही. मी इतक्या सूक्ष्म गोष्टी तोलणारा, पण एवढी एक साधी गोष्ट मला कळेना. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा जिन्यावर पावले ऐकू आली. चार पायऱ्या, मग थांबणे. पुन्हा चार पायऱ्या, पुन्हा थांबणे. एवढ्या सावकाश आमच्याकडे कुणी येत नसे. दार उघडले. पुढे ताई होती. तिच्या मागे चौकट धरून एक माणूस उभा होता. अंगावरचा शर्ट त्याला दोन मापे मोठा होत होता, आणि त्याला चांगलाच दम लागला होता.

"हाच का तो?" तो म्हणाला. तो आवाज मी ओळखला. फोनवर इतक्यांदा ऐकलेला!

"हाच," ताई म्हणाली.

"मला वाटलं, मोठा असेल."

तो हळूहळू जवळ आला आणि टेकायला काहीतरी हवे म्हणून त्याने सरळ माझ्या नळ्यांच्या ताटलीवर तळहात ठेवला.

"अरे दादा, हात काढ!" ताई ओरडली. "मोजे नाहीत तुझ्या हातात. तुझी कातडी सापडेल त्याला!"

"सापडू दे," दादा म्हणाला. त्याने हात काढला नाही. "मी आहे म्हणून कळू दे त्याला."

सर कोपऱ्यात उभे होते. नियम मोडला म्हणून ते रागावतील असे मला वाटले. त्यांनी चष्मा काढून पुसला, एवढेच.

त्या दुपारच्या नमुन्यात मला माणसाची कातडी सापडली. खरे सांगतो, ती कुणाची हे मला ओळखता येत नाही. कातडीचे प्रथिन सगळ्या माणसांचे सारखेच असते. पण मी ते न चुकता कळवले, आणि सरांनी तो नमुना खराब झाला म्हणून पुन्हा लावला. एरवी मला अशा वेळी शरम वाटते. त्या दिवशी वाटली नाही.

त्यानंतरही मी बरीच वर्षे काम केले. मग माझा पंप कुरकुरायला लागला. आता माझ्या खोलीत एक नवा काटा आहे, माझ्या निम्म्या आकाराचा आणि माझ्याहून तल्लख. मला बाहेर व्हरांड्यात आणले गेले, चादर मिळाली, आणि माझ्या पोटात इतक्या वर्षांनी हवा शिरली. नव्याच्या शेजारी ताईने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'नळी आधी कुठे होती?' तिचे आता केस पिकले आहेत, तरी प्रत्येक नवीन माणसाला ती आधी तेच वाचायला लावते. आईचा ताप तेव्हाच उतरला होता. दादा पुन्हा पोहायला शिकवतो. पाण्याखालून मात्र आता निम्म्या तलावापर्यंतच जातो, असे ती सांगत होती.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. काही कळले की लगेच खूश होऊ नका, ते आपल्यापर्यंत कसे आले ते विचारा. आणि ज्यांच्याकडे कधी दुखणे घेऊन गेला असाल, मग ती माणसे असोत की यंत्रे, बरे झाल्यावर एकदा परत जाऊन त्यांना तसे सांगा. ती वाट पाहत असतात.

जिन्यावरून जाताना माझ्यापाशी थांबलात तर चादर बाजूला करा आणि हात ठेवा. मोजे नकोत. हात धुतलेले नसले तरी आता चालतील.